सत्तेचाळीस वर्षांचा प्रोजेक्ट

१ एप्रिल १९१९ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. शुभारंभ रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते. त्यांचं वय तेव्हा ८१. ते १९२५ मध्ये गेले. आवृत्ती पुरी झाली १९६६ मध्ये.

१९२५ मध्येच विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित, मग बर्लिनला भारतविद्या. मला हा माणूस आवडतो तो आधी त्या गणितामुळे. पद्धतच बघा ना. कागदावर चौकटी आखायच्या, वरच्या ओळीत प्रचलित श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली एकेका हस्तलिखिताची ओळ, तिथे फक्त फरक नोंदवायचा. आपण गिटवर डिफ बघतो तेच, पण हाताने. शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा लिप्यांमधून. एकूण १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी ध्येय कसं ठरवलं हे. ‘व्यासांचं मूळ महाभारत शोधतोय’ असं म्हणणं सोपं होतं, ऐकायलाही भारी. सुखठणकरांनी तसं म्हटलं नाही. हस्तलिखितांच्या पुराव्यावर जितकं मागे जाता येईल, तितका जुना पाठ, बस्स. ध्येय असं नेमकं असलं की ते दुसऱ्याच्या हाती देता येतं. त्याची किंमतही मोजावी लागते. गणपती महाभारताचा लेखनिक झाला ही कथा पुराव्यावर टिकली नाही, परिशिष्टात गेली. तीही पुण्यात!

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. अप्रेझलच्या फॉर्मवर ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ असा रकाना असतो. मी कधी टेक लीड लिहितो, कधी आर्किटेक्ट. ही दोन्ही पदं आहेत. काय काम करायचंय, हे त्या रकान्यात कधी येतच नाही. मित्रांचंही तेच. पॅकेज, ऑनसाइट, बाणेरला फ्लॅट.

सुखठणकरांचं आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं, आरण्यकपर्व १९४२ मध्ये. जानेवारी १९४३ मध्ये मुंबईत महाभारतावर त्यांची चार व्याख्यानं ठरली होती. चौथं होण्याआधीच ते वारले. पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आले, मग परशुराम लक्ष्मण वैद्य. संपादक बदलले, सुखठणकरांनी घालून दिलेली पद्धत तीच राहिली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्ण आवृत्तीचं प्रकाशन झालं. त्यानंतर वैद्यांनी संपादित केलेल्या हरिवंशाचा पहिला खंड १९६९ मध्ये आला.