चिन्ह लहान होताना

छायाचित्रांवर काम करण्याच्या संगणक-प्रणालींत चित्र लहान करणे ही सर्वांत सोपी क्रिया समजली जाते. चौकटीचा कोपरा धरून आत ओढला की काम झाले! परंतु दगडी भिंतीचा, विणलेल्या कापडाचा किंवा झाडाच्या सालीचा पोत घेऊन त्यातून नखाएवढे चिन्ह घडवायला बसलेल्या माणसाला हा समज फार काळ बाळगता येत नाही. प्रणाली शेजारच्या अनेक बिंदूंची सरासरी काढून त्यांचा एक बिंदू करते. या सरासरीत प्रथम पोत नाहीसा होतो, मग बारीक रेघ पुसट होते, आणि उरलीच तर बाह्याकृती उरते. म्हणून कसलेला माणूस चित्र आक्रसत नाही. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवून तो ते नव्याने काढतो.

'फोटोशॉप' ही प्रणाली १९९० साली बाजारात आली. तिच्याही आधी, १९८३-८४च्या सुमारास, सुझन केअर या अमेरिकन चित्रकर्तीने 'मॅकिंटॉश' संगणकासाठी चिन्हे काढली. तिच्या हाती आडवे ३२ व उभे ३२, म्हणजे एकूण १०२४ चौकोन होते, आणि रंग दोनच, काळा व पांढरा. तिने आलेखाच्या वहीत एकेक चौकोन भरून ही चित्रे बसवली. मॅटीच्या कापडावर टाके मोजून भरतकाम करणाऱ्या किंवा ठिपके मोजून रांगोळी घालणाऱ्या आपल्याकडील बायकांना ही रीत मुळीच अपरिचित वाटली नसती.

मात्र आपल्या देशात लहान चित्राचा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी उभा राहिला होता, आणि तो सजावटीचा नव्हता. तो मताचा होता.

१९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते, आणि १९५१च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. उमेदवाराचे नाव वाचता न येणाऱ्याला त्याचा उमेदवार ओळखता यावा म्हणून चिन्हे आली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने आपल्या चिन्हाच्या पेटीत मतपत्रिका टाकायची, एवढेच. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ते चिन्ह हाताच्या अंतरावर एका स्वतंत्र पेटीवर होते. त्याला ऐसपैस जागा होती.

नागपूर ही तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. येथेच जुलै १९४२च्या परिषदेत स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने ही निवडणूक हत्ती या चिन्हावर लढवली. पुढे हत्ती बहुजन समाज पक्षाकडे गेला. राजकीय अर्थ बाजूला ठेवून केवळ आकृती म्हणून पाहिले, तरी हत्ती हे विलक्षण समर्थ चिन्ह आहे. त्याच्या कातडीवरच्या सुरकुत्या गेल्या, डोळा गेला, तरी सोंड, पाठीची कमान आणि चार खांबांसारखे पाय उरतातच. कितीही लहान करा, हत्ती हत्तीच राहतो. पोतावर विसंबून नसलेली आकृती ती हीच.

निवडणूक आयोगाच्या चिन्हांपैकी कित्येक चिन्हे आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीने काढली. सेठी १९९२ साली निवृत्त झाले. त्यांची चित्रे मात्र त्यानंतरही मतदारांपुढे येत राहिली. कंगवा, शिवणयंत्र, कंदील, शिडी अशा घरादारातल्या वस्तू त्यांत भरपूर आहेत. जे रोज हाताळले जाते ते चित्रात चटकन ओळखू येते, हा त्यामागील साधा हिशेब असावा.

दरम्यान चिन्हाची जागा आक्रसत गेली. १९६२च्या निवडणुकीपासून बहुतेक ठिकाणी स्वतंत्र पेट्या जाऊन सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर आली. पेटीवरचे चिन्ह एका ओळीत येऊन बसले. पुढे मतदान यंत्र आले. त्याच्या एका पाटीवर सोळा ओळी असतात. २०१५पासून नाव आणि चिन्ह यांच्या जोडीला उमेदवाराचे छायाचित्रही त्याच ओळीत आले. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत सर्वत्र वापरल्या गेलेल्या 'व्हीव्हीपॅट' यंत्रात तर चिन्हाची प्रतिमा बिंदूंच्या स्वरूपात संगणकाद्वारे भरली जाते, उष्णतेने उमटणाऱ्या चिठ्ठीवर ती छापली जाते आणि मतदाराला ती सात सेकंद दिसते. सेठींची पेन्सिल आणि केअरचे चौकोन यांची गाठ अखेर अशी पडली!

या साऱ्या प्रवासाची कसोटी २०२४ साली महाराष्ट्रात लागली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोगाने राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह अजित पवार यांच्या गटाला दिले. शरद पवार यांच्या पक्षाला त्याच महिन्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळाले. त्या लोकसभा निवडणुकीत अपक्षांसाठीच्या मुक्त चिन्हांत 'ट्रम्पेट' हेही होते आणि त्याचे मराठी नाव 'तुतारी' असे लावले गेले. साताऱ्यात या पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पराभूत झाले. ट्रम्पेट हे चिन्ह असलेल्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. दिंडोरीत त्याच चिन्हाच्या अपक्षाने लाखाहून अधिक मते घेतली. तेथे आडनावाचे साम्यही होते, आणि तरीही पक्षाचा उमेदवार निवडून आला. यांतील किती मते चुकून पडली हे गुप्त मतदानात कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हा 'चिन्हाने निवडणूक हरवली' असे विधान करणे धाडसाचे ठरेल. परंतु गोंधळ का संभवतो, हे मात्र दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की समजते.

'तुतारी' म्हटले की मराठीच्या अभ्यासकाला केशवसुत आठवतात. सामान्य माणसाला लग्नाची वरात, पालखी, गडावरचा सोहळा आठवतो. शब्द म्हणून ती भारदस्तच आहे. पण यंत्रावरच्या लहानशा चौकोनात शब्दाचा भार कामाला येत नाही. ट्रम्पेटच्या चित्रात चौकोनाची सगळी जागा एकट्या वाद्याला मिळते. दुसऱ्या चित्रात त्याच जागेत माणूस, त्याचा पोशाख, त्याचे हात आणि वाद्य इतके सारे बसवायचे असते. साहजिकच ज्या वस्तूवरून चिन्ह ओळखायचे तिच्या वाट्याला एक वळणदार रेघ तेवढी येते. प्रचारफलकावर हे चित्र उठावदार दिसते. यंत्रावर तीच रेघ हरवते. फलकावर ज्या तपशिलांमुळे चित्राला जिवंतपणा येतो, तेच तपशील लहान जागेत ओळख झाकून टाकतात.

आपले चिन्ह यंत्रावर फार लहान व अस्पष्ट दिसते, अशी तक्रार पक्षाने केली. ऑक्टोबर २०२४मध्ये विधानसभा निवडणूक जाहीर करताना मुख्य निवडणूक आयुक्तांनी सांगितले की, पक्षाकडून चित्राचे पर्याय मागवले होते व त्यांतील एक स्वीकारला आहे. ट्रम्पेट हे निराळे चिन्ह असल्याने ते मात्र कायम राहिले. चिन्हाचे नाव तेच, वस्तू तीच, फक्त चित्र पुन्हा काढले गेले. आयोगाच्या दृष्टीने ही कदाचित किरकोळ दुरुस्ती असेल. चिन्हांच्या इतिहासात ती महत्त्वाची मानली पाहिजे. लहान चित्र मोठ्या चित्रातून आपोआप निघत नाही, ही गोष्ट तिच्यामुळे व्यवहारात मान्य झाली.

चित्र लहान करणारा कशाला प्राधान्य देतो यावर पाहणाऱ्याला काय दिसणार हे ठरते. संगणकावर हौसेने चिन्हे करणाऱ्याची निवड चुकली, तर एक चित्र फसते. पण ज्याला अक्षर वाचता येत नाही, किंवा ज्याची नजर आता अधू झाली आहे, त्याच्यासाठी ते चित्र हेच उमेदवाराचे नाव असते. ते त्याला नीट वाचता आले पाहिजे, एवढी अपेक्षा पहिल्या निवडणुकीच्या वेळी होती. जागा आक्रसली म्हणून ती अपेक्षा आक्रसण्याचे कारण नाही.