तलावातील नौकाविहार : कायदा, अपघातांचे आकडे आणि विमा

गोकुलमहून मुलाबाळांना घेऊन आपण कारंजी तलावावर किंवा वरुणा तलावावर जाता, तेव्हा तिकिटाचे दर पाहता. त्याच वेळी बोट इंजिनाची आहे की पायाने चालवायची, हेही पाहावे. कायदा त्यावर ठरतो.

अंतर्देशीय जलयानांबाबतचा 2021 चा केंद्रीय कायदा 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. त्यात तलावही येतो. इंजिनाच्या बोटीची नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र आणि विमा बंधनकारक आहे. प्रमाणपत्रातील संख्येपेक्षा जास्त प्रवासी घेता येत नाहीत. पेडल बोट व वल्ह्याच्या नावेची व्यवस्था मात्र राज्य सरकार आणि स्थानिक संस्थांकडे सोपवलेली आहे. त्यामुळे तिचे नियम गावोगावी वेगळे असू शकतात. खरा वाद याच जागी आहे.

‘अपघात थोडे होतात, मग एवढे नियम कशाला?’ असे काही जण विचारतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2022 या वर्षात बुडून झालेल्या मृत्यूंची संख्या 38,503 आहे. बोट उलटून झालेले मृत्यू त्यात वेगळे दाखवतात, पण सहलीची बोट आणि रोजच्या ये-जा करणारी होडी असा भेद नसतो. बोट उलटली आणि सगळे वाचले, तर ती घटना या मोजणीत येतच नाही. म्हणून या आकड्यांवरून सहलीचे तलाव सुरक्षित आहेत, असे म्हणता येत नाही.

18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. केरळात तानूर येथे 7 मे 2023 रोजी 22 जण गेले. तिथेही बोट जादा भरलेली होती. उजनी धरणात 21 मे 2024 रोजी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जणांचा जीव गेला. वारा सुटला असेल तर पैसे परत मिळोत न मिळोत, बोटीत बसू नका. मुलाला त्याच्या मापाचेच जॅकेट मागा. मोठ्यांचे जॅकेट पाण्यात वर सरकते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये भरून अपघाती मृत्यूसाठी 2 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. वय 18 ते 70 हवे, म्हणजे लहान मुलांना हा विमा नाही. बुडून मृत्यू झाल्यास पोलिसांत नोंद आवश्यक आहे. दुःखात शवविच्छेदन टाळले जाते आणि पुढे दावा अडतो. वारसाने मृत्यूचा दाखला, पोलिसांचे कागद आणि दाव्याचा अर्ज बँकेच्या शाखेत द्यावा. हप्ता दरवर्षी 1 जूनपूर्वी खात्यातून आपोआप कापला जातो. तेव्हा खात्यात 20 रुपये नसतील तर विमा बंद पडतो.