२६ जानेवारी १९६० ची मुदत

प्रजासत्ताक दिनाच्या भाषणांत एक प्रश्न हमखास येतो: आज घटनाकार असते तर काय म्हणाले असते? मग बोलणारा आपल्याच मनातलं त्यांच्या तोंडी घालतो आणि टाळ्या घेतो. मी आयुष्यभर मराठवाड्यातल्या दुष्काळी पट्ट्यात प्राथमिक शाळेत शिकवलं. झेंडावंदनानंतरची अशी भाषणं मुलांच्या रांगेशेजारी उभी राहून ऐकली. माझं म्हणणं असं की निदान एका बाबतीत घटनाकारांच्या मनात काय होतं याचा तर्क करावा लागत नाही. एक काम त्यांनी लिहून ठेवलं आणि ते कधीपर्यंत व्हायला हवं हेही लिहून ठेवलं.

ते काम मूळच्या कलम ४५ मध्ये होतं. घटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत, चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यानं करावा. राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं पुष्कळ आहेत, पण मुदत घालून दिली गेली ती फक्त याच एका तत्त्वाला. घटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आली. म्हणजे मुदत संपली २६ जानेवारी १९६० ला.

ही मुदत कुणाच्या उत्साहाच्या भरात आलेली नव्हती. तिच्यामागे जवळपास सत्तर वर्षांची मागणी होती आणि त्या मागणीचा मोठा भाग आपल्या मातीत रुजला होता. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो, हे त्यांनी सांगितलं आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदा संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं. त्यांची मागणी माफक होती, सक्ती टप्प्याटप्प्यानं आणि स्थानिक संस्थांच्या संमतीनं व्हायची होती. तरी पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. त्यानंतर पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ब्रिटिशांच्या साम्राज्याला जे परवडत नव्हतं ते एका लहान संस्थानानं करून दाखवलं.

स्वातंत्र्य जवळ आलं तेव्हाही पैशांचंच कारण पुढे होतं. १९४४ च्या सार्जंट अहवालानं सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाला चाळीस वर्षं लागतील असं म्हटलं होतं. मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्या समितीनं ती चाळीस वर्षं सोळावर आणली. चाळीस वर्षं थांबायचं म्हणजे दोन पिढ्या निरक्षर ठेवून देश चालवायचा. आणि त्याच निरक्षर माणसांच्या हाती पहिल्या दिवसापासून मताचा अधिकार द्यायचा हे घटना समितीनं ठरवलं होतं. म्हणून शाळेची घाई होती.

घटना समितीतही या कलमाचा प्रवास सरळ झाला नाही, आणि तो लपवून घटनाकारांची पूजा करावी असं मला वाटत नाही. प्राथमिक शिक्षण आधी मूलभूत हक्कांच्या यादीत होतं. एप्रिल १९४७ मध्ये सल्लागार समितीनं ते तिथून काढून मार्गदर्शक तत्त्वांत नेलं, म्हणजे कोर्टात दाद मागता येणार नाही अशा जागी. मसुद्यात तरीही प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्कदार आहे, असे शब्द राहिले होते. २३ नोव्हेंबर १९४८ ला पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी ते शब्द गाळण्याची सुधारणा मांडली आणि ती स्वीकारली गेली. हक्क गेला, प्रयत्न उरला.

पण त्याच दिवशी दुसरी एक सुधारणा आली आणि तिला डॉ. आंबेडकरांनी ठाम नकार दिला. नझीरुद्दीन अहमद यांचं म्हणणं होतं की सक्ती फक्त प्राथमिक शिक्षणापुरती ठेवावी. आंबेडकरांचं उत्तर मी माझ्या नोकरीत कितीदा आठवलं असेल. त्यांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच कलमावर, आजच्या कलम २४ वर. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवता येणार नाही असं आपण म्हणतो. मग कामावरून उठवलेलं मूल चौदा वर्षांचं होईपर्यंत कुठे असेल? ते शाळेतच असायला हवं. कामाची बंदी आणि शाळेची सोय ही त्यांनी एकाच विचारातून मांडली.

या जोडणीचं मोल मला ऊसतोडीच्या गावात कळलं. दिवाळी झाली की मुकादम येतो. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला नवराबायकोचा एक कोयता टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी आणि पोरं. मागे म्हातारी माणसं राहतात. जून महिन्यात ज्या वर्गात चाळीस मुलांचा पट असायचा, तिथे नोव्हेंबरात पाठच्या बाकांवर कुणी नसायचं. फडावर मुलगा वाढं गोळा करतो, मोळ्या बांधायला हात लावतो. दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, आईबाप येण्याआधी चूल पेटवते. तिचं नाव कुठल्याही मजुरीच्या खात्यावर नसतं. उसाचा फड हा कारखाना नाही आणि खाणही नाही, म्हणून कलम २४ ची शब्दरचना तिच्यापर्यंत पोचत नाही. तिला वाचवणारी एकच गोष्ट होती, शाळेची सक्ती. आंबेडकरांनी चौदा वर्षांचा आकडा ज्या मुलासाठी धरून ठेवला, ते मूल माझ्या वर्गात होतं आणि निम्मं वर्ष नव्हतं.

साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आलं. या सगळ्यांत मनापासून राबणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यामुळे शिकलेली मुलंही. पण मार्च-एप्रिलमध्ये परत येणाऱ्या मुलाला शेजारच्या मुलानं वाचलेला धडा कळत नाही, तेव्हा ते पहिल्यांदा गप्प बसतं आणि दुसऱ्या वर्षी यायचंच बंद होतं. मुली आधी बंद होतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्यांचं लग्न लावलं जातं आणि एक नवा कोयता तयार होतो.

मुदतीकडे पुन्हा येऊ. १९६० आलं आणि गेलं. कोठारी आयोग बसला, अहवाल आला, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याचं ठरलं आणि तो आकडा आजही गाठलेला नाही. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २००२ मध्ये घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. दहा वर्षांच्या कामाला साठ वर्षं लागली, आणि तीही कायदा होण्यासाठी. शिवाय घटनाकारांनी लिहिलं होतं चौदा वर्षांपर्यंतची सर्व मुलं. आपण हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. कोपीत भावाला सांभाळणारी मुलगी शाळेत जायची असेल तर त्या भावासाठी आधी बालवाडी हवी, आणि नेमकी तीच या हक्काच्या बाहेर राहिली.

म्हणून घटनाकार आज आले तर फक्त रागावतील, असं मात्र मी म्हणणार नाही. १९५१ च्या जनगणनेत शंभरांतली अठरा माणसं साक्षर होती, २०११ मध्ये त्र्याहत्तर. वाडीवस्तीवर शाळा गेली, शाळेत जेवण शिजू लागलं, आणि ज्या घरांत अक्षर शिरलं नव्हतं त्या घरांतल्या मुली माझ्यासमोर शिक्षिका झाल्या. घटना अमलात आली त्याच १९५० साली आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केलं होतं, कारण निजामाच्या राज्यात मराठवाडा शिक्षणाला किती पारखा राहिला हे ते जाणून होते. आजच्या मराठवाड्यात त्यांना पुष्कळ काही बघून समाधान वाटलं असतं. मग त्यांनी एखाद्या पाचवीच्या मुलापुढे दुसरीचं पुस्तक ठेवलं असतं. देशाच्या ग्रामीण भागात पाहण्या होतात, त्यांत पाचवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना ते नीट वाचता येतं. शाळेत नाव घालणं आणि शिकणं यांतलं अंतर त्यांना तिथेच दिसलं असतं. आणि आपल्याच राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूह शाळांत विलीन करण्याची योजना निघते, तेव्हा वस्तीवरच्या सात वर्षांच्या मुलीनं रोज ओढा ओलांडून कसं जायचं, हेही त्यांनी विचारलं असतं.

पण त्यांनी सर्वांत अवघड प्रश्न विचारला असता तो सरकारला नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना आंबेडकरांनी मार्गदर्शक तत्त्वांवरच्या टीकेला उत्तर दिलं होतं. कोर्टात दाद नाही तर या तत्त्वांचा उपयोग काय, असं लोक म्हणत होते. त्यांचं उत्तर असं होतं की सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वं मोडल्याबद्दल न्यायालयात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे तो नक्की द्यावा लागेल. म्हणजे कलम ४५ ची सुनावणी कुणापुढे व्हायची हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. न्यायासनावर त्यांनी आपल्याला बसवलं होतं.

मुदत टळल्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९६२ ची. तेव्हापासून आजवर आपण कितीतरी वेळा मत दिलं. पाण्यावर दिलं, कर्जमाफीवर दिलं, जातीवर दिलं, नेत्याच्या प्रेमानं दिलं. शाळेसाठी एखाद्या आमदाराला घरी बसवल्याचं मी माझ्या भागात पाहिलेलं नाही. ज्यांनी हा जाब विचारायचा ती माणसं बहुतेकदा हजरही नसतात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं ते ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याच्याच दिवसांत. फडावर गेलेल्या आईबापांची मुलं शाळेत नव्हती आणि त्यांची मतं पेटीत नव्हती. घटनाकारांनी आखलेली सुनावणी अशी एकतर्फी चालते.

तरी न्यायासन रिकामं ठेवायचं कारण नाही. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती ठेवली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. बहुतेक गावांत तिची सभा सह्यांपुरती होते. ती खरोखरची व्हावी. ग्रामसभेत रस्त्याच्या निधीआधी पटावरच्या आणि हजर असलेल्या मुलांचे आकडे वाचले जावेत. हंगामाला टोळी निघण्याआधी गावानं प्रत्येक मुलासाठी विचारावं, हे कुठे राहणार आणि कोणत्या शाळेत बसणार. आणि जिल्हा परिषदेची मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच विचारावं, तुमच्या गटात चौदा वर्षांखालची किती मुलं शाळेत नाहीत. आकडा माहीत नसेल तर मत नाही, एवढं साधं आहे.

घटनाकारांचा निकाल मागायचा असेल तर तो १९४८ सालीच आपल्या हाती दिलेला आहे. जी मुदत त्यांनी घातली ती कुठल्या सरकारानं पाळली नाही, कारण ती पाळायला आपण लावलं नाही. पुढच्या निवडणुकीत लावू या.