‘स्टाइल’ या शब्दाचा कुलवृत्तांत

इंग्रजी ग्रंथांशीं ज्यांचा नित्य परिचय आहे त्यांस ‘स्टाइल’ हा शब्द अगदीं सुबोध वाटतो. ग्रंथकाराची ती शैली आणि पोषाखाची ती ढब, एवढें समजलें म्हणजे काम भागलें, अशी सामान्य समजूत असते. परंतु हाच शब्द राजाच्या बिरुदावलींत येतो, शिल्पशास्त्रांत येतो, वनस्पतिशास्त्रांत येतो आणि कालगणनेंतहि येतो. व प्रत्येक ठिकाणीं त्याचा अर्थ निराळा असतो. त्यांतील एका अर्थाकडे दुर्लक्ष झाल्यास मराठ्यांच्या इतिहासांतील तारखा दहा दिवसांनीं चुकतात. यास्तव या शब्दाचें कूळ थोडें तपासून पाहणें निरर्थक होणार नाहीं.

या शब्दाचा मूळपुरुष म्हणजे लॅटिन भाषेंतील ‘स्टिलुस’. रोमन लोक मेण माखलेल्या लाकडी पाटीवर ज्या अणकुचीदार कांडीनें लिहीत, तिचें हें नांव. तिचें एक टोंक अक्षरें कोरण्यासाठीं तीक्ष्ण असे व दुसरें चापट असे. लिहिलेलें पुसावयाचें झाल्यास या चापट टोंकानें मेण सारखें करीत. म्हणून ‘कांडी उलटी करणें’ याचा अर्थ त्या भाषेंत लेखाची दुरुस्ती करणें असा होऊन बसला. पुढें साधनाचें नांव क्रियेस मिळालें व क्रियेचें फलास मिळालें: कांडी, मग लेखनाचा सराव, मग लिहिण्याची धाटणी. आपणहि ‘अमक्याची लेखणी जोरकस आहे’ असें म्हणतों, तेव्हां बोरूच्या बळकटीविषयीं बोलत नसतों. हा त्याच जातीचा अर्थविस्तार होय.

फ्रेंच भाषेच्या द्वारें हा शब्द इंग्रजींत उतरला. ‘स्तुलोस’, म्हणजे खांब, या ग्रीक शब्दाशीं त्याचें नातें आहे असा पंडितांचा चुकीचा ग्रह झाल्यामुळें त्याच्या वर्णलेखनांत ‘वाय’ हें अक्षर शिरलें, आणि तें आजतागायत कायम आहे. फुलाच्या स्त्रीकेसरांतील दांडीस वनस्पतिशास्त्रज्ञ ‘स्टाइल’ म्हणतात, तेथें मात्र खांबाचा अर्थ खरोखरीच बसतो. चौदाव्या शतकांतील कवि चॉसर यानें तर या शब्दावर श्लेषहि केला आहे. कुंपण ओलांडण्याच्या पायऱ्यांस इंग्रजींत याच उच्चाराचा, पण अगदीं निराळ्या कुळांतला, शब्द आहे. तेव्हां इतकी उंच ‘स्टाइल’ आपल्याच्यानें चढवत नाहीं, अशा आशयाचें विनययुक्त भाषण त्यानें आपल्या एका पात्राच्या मुखीं घातलें आहे.

दुसरा अर्थ राजदरबारचा. एखाद्यास कायद्यानें कोणत्या नांवानें संबोधावें, तें त्याचें ‘स्टाइल’. या अर्थाचा आपल्या देशाशीं निकट संबंध आला आहे. १८७६ सालीं पार्लमेंटानें कायदा करून व्हिक्टोरिया राणीस आपल्या बिरुदांत भर घालण्याची मुभा दिली, आणि १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्ली दरबारांत ती हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. १९४७ च्या स्वातंत्र्याच्या कायद्यानें तें बिरुद गाळण्यास संमति दिली व १९४८ च्या जूनमध्यें तें राजघोषणेनें गळालें. सत्तर वर्षांचें साम्राज्य जणूं या एका शब्दाच्या पोटांत सामावलें होतें.

तिसरा अर्थ कालगणनेचा, व इतिहासाच्या अभ्यासकास तोच सर्वांत महत्त्वाचा. पोप तेरावा ग्रेगरी यानें १५८२ सालीं जुनें जूलियन पंचांग सुधारलें. पोर्तुगालनें तें त्याच वर्षीं स्वीकारलें; इंग्लंडनें मात्र १७५२ पर्यंत जुनेंच चालविलें. त्या वर्षीं २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशीं एकदम १४ सप्टेंबर धरण्यांत आला. या दोन गणनांस इंग्रज ‘ओल्ड स्टाइल’ व ‘न्यू स्टाइल’ म्हणतात. परिणाम असा कीं, सतराव्या शतकांत गोव्याच्या पोर्तुगीज पत्रांतील तारीख सुरतकर इंग्रजांच्या तारखेहून दहा दिवस पुढें असते. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६ रोजीं झाला. त्या समयीं हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील रायगडावर हजर होता. ६ जून १६७४ ही तारीख जुन्या गणनेची आहे; नव्या गणनेनें तोच दिवस १६ जून येतो. वार मात्र दोहींकडे शनिवारच. म्हणून तिथि व वार हातीं असतील तर कोणत्याहि परकीय पत्राची ‘स्टाइल’ ताडून पाहतां येते.

याहून फसवी गोष्ट वर्षारंभाची. इंग्लंडांत १७५१ पर्यंत कायद्यानें वर्ष २५ मार्चला सुरू होई. शिवाजी महाराज सुरतेवर प्रथम चालून गेले ती तारीख आपण ६ जानेवारी १६६४ लिहितों. त्या काळच्या इंग्रजी रिवाजानें तेव्हां १६६३ सालच चालू होतें. ही गोष्ट ध्यानांत न घेतां दोन कागदांची सांगड घातली, तर कारण परिणामाच्या मागून आल्याचा चमत्कार घडावयाचा! अशा वेळीं सावध वाचन हेंच इतिहासकाराचें पहिलें शस्त्र होय.

कलाप्रांतांतील अर्थ तुलनेनें अलीकडचा. १८१७ सालीं टॉमस रिकमन यानें इंग्लंडांतील वास्तुशिल्पाची ‘स्टाइल’वार वर्गवारी प्रसिद्ध केली, आणि कमानीच्या व खिडकीच्या घाटावरून इमारतीचा काळ सांगण्याची विद्या रूढ झाली.

वाङ्मयांतील अर्थाकडे परत येऊं. फ्रेंच सृष्टिशास्त्रज्ञ ब्यूफाँ यानें १७५३ सालीं फ्रेंच अकॅडमींत दिलेल्या व्याख्यानांत असें प्रतिपादिलें कीं, ज्ञान व शोध हे दुसऱ्यास उचलून नेतां येतात. लेखनाची धाटणी मात्र लेखकाच्या व्यक्तित्वापासून अलग होत नाहीं. आमच्या साहित्यशास्त्रांत वामनानें रीतीस काव्याचा आत्मा मानिलें. पण त्याच्या रीतींचीं नांवें वैदर्भी, गौडी, पांचाली अशीं प्रदेशांवरून पडलेलीं होतीं. तीं कुंतकास रुचलीं नाहींत. काव्याचा मार्ग कवीच्या स्वभावावर अवलंबून असतो, असें त्यानें ब्यूफाँच्या कित्येक शतकें आधीं सांगितलें.

मराठींत चिपळूणकरांच्या निबंधमालेंत ‘भाषापद्धति’ या नांवाचा निबंध आहे. पुढें ‘शैली’ हा शब्द रूढ झाला, व तो ‘शील’ या शब्दापासून निघालेला आहे. इंग्रजी शब्द हातांतील कांडीपासून निघून माणसाच्या स्वभावापर्यंत पोंचला. आपला शब्द स्वभावापासूनच निघाला. तेव्हां ज्यास आपली शैली सुधारावयाची आहे त्यानें अलंकारांच्या शोधास न लागतां आधीं विचार स्वच्छ करावा, आणि मग रोमन लेखकांप्रमाणें कांडीचें चापट टोंकहि मधून मधून वापरावें. लिहिण्यास जितकें धैर्य लागतें तितकेंच लिहिलेलें पुसण्यासहि लागतें.