वेखंडाचा एक वेढा

मंडळी, आज थोडा माजघरातला इतिहास. आमच्या नात्यातल्या एका नव्या आईने मोशीहून फोनवर विचारलं, "आत्या, वेखंडाची पूड दुकानात तयार मिळते, बाळाला किती देऊ?" त्यावरून हे लिहायला घेतलं.

वेखंडाला आपण मूळ म्हणतो, पण ते जमिनीखाली आडवं वाढणारं खोड, आल्या-हळदीसारखंच. पाणथळ जागी होतं. संस्कृतात वचा, आणि दुसरं नाव उग्रगंधा. ज्याने एकदा हुंगलंय त्याला हे दुसरं नाव समजावून सांगायला नको! चरकाने ते लेखनीय द्रव्यांत घातलं, सुश्रुताने तर त्याच्या नावाने एक गणच केला. आपल्याकडे मात्र त्याचं राज्य बाळंतिणीच्या खोलीत. पाचवीला बाळाच्या मनगटाला दोऱ्यात तुकडा, न्हाणं झालं की टाळूवर पूड, आणि गुटी. दक्षिणेतही तेच. कंपनी सरकारचे मद्रासकडचे डॉक्टर व्हाइटलॉ एन्स्ली यांनी १८२६ च्या ग्रंथात लिहून ठेवलंय, की मुलांच्या पोटदुखीवर हे इतकं मोलाचं मानत, की मध्यरात्री मागायला आलेल्याला दार न उघडणाऱ्या औषधविक्रेत्याला दंड होई.

गुटीचं माप मोठं नामी. सहाणेवर दुधाचे थेंब टाकून कांड गोल फिरवायचं, त्याचा एक वेढा. हळकुंडाचे दोन, वेखंडाचा एकच, तोही हलक्या हाताने. (गंमत बघा, गुटीतल्या अतिविषाच्या नावातच विष, पण ते सौम्य. त्याचा भाऊबंद बचनाग मात्र जालीम.) वेखंड जास्त झालं की उलटी होते, हे वैद्यांना ठाऊकच होतं, ते वमनासाठीही वापरत. पोटात द्यायचं तर आधी शोधन करावं असंही शास्त्र सांगतं. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्याच वर्षी पेनिसिलिन बनू लागलं. तिथे मोजमाप युनिटांत, इथे वेढ्यांत. पण माप दोन्हीकडे होतं!

पुडीने ते माप गेलं. टणक कांडाच्या एका वेढ्यात निघतो नखभरही नाही एवढा गंध; चिमूटभर पुडीत त्याच्या कितीतरी पट.

आणि आता नवी माहितीही आहे. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत उंदरांना खाद्यातून भारतीय वेखंडाचं तेल दीर्घकाळ दिलं, तेव्हा त्यांच्या आतड्यात गाठी झाल्या. १९६८ साली तिथे खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी आली. अमेरिकेतल्या मूळच्या जातीत हे द्रव्य जवळजवळ नसतंच, आपल्या जातीत भरपूर! उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे खरं. पण तान्ह्या बाळावर ते पडताळून बघायची हौस कोणाला?

तेव्हा तिला सांगितलं ते असं. पहिले सहा महिने आईचंच दूध, गुटी नाही, पाणीही नाही. वर्षाच्या आत मधाचं बोट तर मुळीच नाही, त्यातून तान्ह्यांना बॉट्युलिझम होऊ शकतो. टाळूवर पूडही नको, ती उडून श्वासात जाते. पोट दुखून बाळ रडत असेल तर डॉक्टरांना दाखव.

आणलेलं वेखंड ठेव कपाटात, साड्यांना कसर लागत नाही.