मालवण किनाऱ्याचे मोडी हिशेबी कागद आणि संगणकीय रूपरेषा : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठेशाहीच्या अभ्यासात पत्रे, सनदा व बखरी यांना जेवढे महत्त्व मिळाले तेवढे हिशेबी कागदांना मिळाले नाही. गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध केले. त्यांत वाचक शोधतो तो राजकारणाचा धागा. हिशेबी कागद रूक्ष वाटतो, परंतु किल्ल्यावर प्रत्यक्ष किती माणसे होती, चुना व तेल किती लागले, हे तोच सांगतो. प्रस्तुत लेखात या कागदाच्या मांडणीचा आणि ती मांडणी संगणकावर जतन करण्याच्या एका पद्धतीचा विचार केला आहे.

किनाऱ्याचे विभागलेले दप्तर

मालवणनजीकच्या कुरटे बेटावर नोव्हेंबर 1664 मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. पुढे हा किल्ला करवीर राज्याकडे राहिला. 1765 मध्ये तो इंग्रजांनी घेतला, त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले आणि 1766 मध्ये परत केला. 1 ऑक्टोबर 1812 च्या तहाने मालवण बंदर त्याच्या किल्ल्यांसह कायमचे इंग्रजांकडे गेले. शेजारची सावंतवाडी मात्र 1948 पर्यंत स्वतंत्र संस्थान होती, आणि आजचा सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. परिणामी एकाच किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्यास करवीर दरबाराच्या दप्तरासाठी कोल्हापूर, पेशवे दप्तरासाठी पुणे आणि इंग्रजी कागदांसाठी मुंबई असे तीन पुरालेखागार धुंडाळावे लागतात. या तिन्ही ठिकाणची टिपणे एकत्र कशी लावावीत, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. किल्ल्याच्या खर्चाचा सलग इतिहास लिहिता येईल की नाही, हे त्यावरच ठरते.

तेरीज, तपशील आणि पैकी

सभासद बखरीनुसार शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत हे समान दर्जाचे अधिकारी असत. सबनिसाकडे हजिरी, तर कारखानिसाकडे धान्य व सामान यांचा हिशेब असे. अनेक हातांनी लिहिलेले हे हिशेब एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून लेखनाची शिस्त आवश्यक होती. अशा लेखनशिस्तीची परंपरा हेमाद्रीच्या नावावर असलेल्या मेस्तकापर्यंत मागे नेली जाते. शिवकालात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत 'लेखनवर्ग' स्वतंत्र आहे. त्या कोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले खरे. पण 'तपशील' आणि 'तेरीज' हे शब्द कारकुनांनी काही सोडले नाहीत!

मोडी हिशेबात अनेकदा एकूण रक्कम आधी येते आणि फोड नंतर. मथळ्याच्या शब्दापासून काढलेली लांब रेघ, त्याखाली 'बितपशील', मग एकेक कलम, त्यातील एखाद्या कलमाखाली पुन्हा 'पैकी' अशी ही उतरंड असते. कोणती रक्कम कोणाच्या पोटात आहे हे शब्दांइतकेच जागेवरून कळते. खिळ्यांच्या छपाईत ही मांडणी सांभाळणे कष्टाचे होते. संगणकावर साध्या ओळींत मजकूर उतरवताना तर ती हमखास हरवते, आणि उरतात त्या सुट्या रकमा.

उतरंडीचे संगणकीय रूप

अॅमस्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डॉमिनिक यांनी 2003 मध्ये ईमॅक्स या मजकूर-संपादकासाठी 'ऑर्ग-मोड' तयार केला. 2007 च्या ईमॅक्स 22 पासून तो संपादकासोबतच मिळू लागला. त्याची फाईल म्हणजे साधा मजकूर. मथळ्यापूर्वी एक तारका असेल तर पहिली पातळी, दोन असतील तर दुसरी. प्रत्येक मथळ्याखाली गुणधर्मांचा एक कप्पा ठेवता येतो. निकोलस गोआझिऊ यांनी पुढे लिहिलेला 'ऑर्ग-एलिमेंट' हा विश्लेषक अशा फाईलचे वृक्षात रूपांतर करतो: प्रत्येक मथळ्यास त्याचा जनक आणि त्याची अपत्ये ठाऊक असतात. ईमॅक्स लिस्प भाषेतील लहानशा प्रोग्रॅमने तो वृक्ष फिरून पाहता येतो.

'पैकी' हे मराठी पद आणि वृक्षातील जनक-अपत्य संबंध यांत रचनेच्या दृष्टीने फरक नाही. एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. मथळ्यावर किल्ल्याचा खर्च 1200 रुपये आहे; पोटात शिबंदी 800, बांधकाम 250 आणि तेलवात 130. प्रोग्रॅम प्रत्येक मथळ्याची लिहिलेली रक्कम त्याच्या थेट अपत्यांच्या बेरजेशी ताडतो आणि येथे 20 रुपयांची तफावत दाखवतो. मोडी अंक चुकीचा वाचला गेला असेल, मूळ कारकुनाचीच चूक असेल, किंवा एखादे कलम असलेला बंद गहाळ असेल. यांपैकी काय घडले ते प्रोग्रॅमला कळत नाही. म्हणून रक्कम 'दुरुस्त' करण्याचे काम त्याच्याकडे देऊ नये. त्याने कप्प्यात केवळ 'तफावत 20' अशी नोंद करावी आणि मूळ पाठ अबाधित ठेवावा. ही नोंद घालतानाही एक पथ्य पाळावे लागते. विश्लेषक मथळ्यांची स्थाने अक्षरांच्या क्रमांकाने देतो. वरच्या भागात मजकूर वाढला की खालची सारी स्थाने सरकतात. त्यामुळे बदल फाईलच्या शेवटाकडून आरंभाकडे करीत जावे.

पाठ आणि शोध

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा दाखवला जात नाही. एकच स्थळनाम निरनिराळ्या रूपांत येते, 'सिंधुदुर्ग' हेच कोठे 'जंजिरे सिंधुदुर्ग' म्हणून. मूळ रूप मजकुरात व प्रमाण रूप गुणधर्मात ठेवल्यास शोधही साधतो आणि पाठही बिघडत नाही. कालगणनेचेही तसेच. 'सीत सितैन मया व अलफ' म्हणजे शुहूर 1166. हे वर्ष मृगात सुरू होत असल्याने इसवी सन 1765-66 अशी जोडनोंद करावी लागते. तारीख आणि महिना पाहिल्याखेरीज एकच इसवी वर्ष लिहिणे धोक्याचे आहे, विशेषतः किल्ला ज्या काळात हात बदलत होता त्या काळासाठी.

जून 2014 मध्ये युनिकोड 7.0 ने मोडी लिपीस स्वतंत्र संकेतस्थाने दिली, तेव्हा बाळबोध लिप्यंतराशेजारी मोडी पाठ ठेवणेही शक्य झाले. तरी मथळा कोणता आणि पोटकलम कोणते, हे ठरवणारी रेघ कागदावरच वाचावी लागते. रेघ अर्धवट पुसलेली असेल तर कलमाची पातळी हा संपादकाचा निर्णय ठरतो, आणि तो तसा निर्णय असल्याचे त्याच कप्प्यात लिहिले पाहिजे.