सागर की श्रीनगर-गढवाल? दोन केंद्रीय विद्यापीठांची निवड करताना

मध्य प्रदेशातील सागर येथील डॉक्टर हरीसिंह गौर विश्वविद्यालय आणि उत्तराखंडमधील श्रीनगर येथील हेमवती नंदन बहुगुणा गढवाल विश्वविद्यालय या दोन्ही पूर्वीच्या राज्य विद्यापीठांना २००९ च्या केंद्रीय विद्यापीठ कायद्याने केंद्रीय दर्जा प्राप्त झाला. दोन्हींची पदवी समान मान्यतेची असून शुल्कही खाजगी संस्थांच्या तुलनेत माफक आहे. त्यामुळे बारावीनंतर वा पदवीनंतर परराज्यात जाऊ इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे अनेकदा ही दोन्ही नावे एकाच यादीत येतात. केवळ ‘केंद्रीय’ या शब्दावरून त्यांच्यात निवड करता येत नाही. विभाग, परिसर आणि गावातील दैनंदिन जीवन यांवरच ती करावी लागते.

स्थापनेची पार्श्वभूमी

सागर विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १९४६ रोजी झाली. प्रख्यात कायदेपंडित आणि संविधान सभेचे सदस्य डॉक्टर हरीसिंह गौर यांनी आपल्या आयुष्यभराच्या कमाईतून ते उभे केले. दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू होते. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी भूषविले होते. अठराव्या शतकात पेशव्यांचे प्रतिनिधी गोविंदपंत बुंदेले यांचे ठाणे सागर येथे होते. त्यामुळे मराठी माणसाला हे शहर अगदीच अनोळखी नाही.

गढवाल विद्यापीठाचा उगम जनआंदोलनात आहे. डोंगराळ भागातील मुलांना उच्च शिक्षणासाठी मैदानी प्रदेशात जावे लागू नये, या मागणीतून १९७३ मध्ये ते स्थापन झाले. १९८९ मध्ये त्याला हेमवती नंदन बहुगुणा यांचे नाव देण्यात आले.

कोणता विषय, कोणते विद्यापीठ

सागर येथील गुन्हेशास्त्र व न्यायवैद्यक विज्ञान विभाग १९५९ पासून कार्यरत असून या विषयातील देशातील आद्य विभागांत त्याची गणना होते. भूविज्ञान, औषधनिर्माणशास्त्र आणि मानवशास्त्र हे येथील अन्य जुने विभाग होत. दख्खनचा बसाल्ट आणि विंध्य समूहाचे खडक सागरच्या परिसरात जवळजवळ आढळतात. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यासाठी त्यामुळे फार दूर जावे लागत नाही.

गढवालचे बलस्थान हिमालय हेच आहे. उच्च पर्वतीय वनस्पतींवर संशोधन करणारे स्वतंत्र केंद्र, वनशास्त्र, उद्यानविद्या, पर्वतीय पर्यटन आणि गढवाली लोककला हे विषय तेथे प्रत्यक्ष भूमीवर अभ्यासता येतात. वनस्पतिशास्त्र वा पर्यावरण या विषयांत पुढे संशोधन करण्याचा मानस असलेल्यांनी या विद्यापीठाचा गांभीर्याने विचार करावा.

वाणिज्य, इतिहास, गणित अशा सर्वत्र उपलब्ध असणाऱ्या विषयांसाठी मात्र विभागात कायमस्वरूपी प्राध्यापक किती आहेत, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. ‘नॅक’चे मूल्यांकन संपूर्ण विद्यापीठाचे असते, एका विभागाचे नव्हे. विधी, औषधनिर्माण आणि शिक्षणशास्त्र या अभ्यासक्रमांना संबंधित परिषदेची मान्यता आहे की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे.

नावातील घोटाळा टाळा

श्रीनगर म्हणजे येथे काश्मीरची राजधानी नव्हे, तर अलकनंदेच्या काठावरील गढवालचे गाव होय. विद्यापीठाचे परिसरही एकाहून अधिक आहेत. श्रीनगरमधील बिर्ला परिसर व नदीपलीकडील चौरास यांखेरीज पौडी आणि टिहरीजवळील बादशाहीथौल येथेही अध्यापन होते. डेहराडूनमधील काही महाविद्यालयेही या विद्यापीठाशी संलग्न राहिली आहेत. म्हणून आपल्या अभ्यासक्रमाचे वर्ग नेमके कोठे भरतात, याची खात्री अर्ज करण्यापूर्वीच करून घ्यावी. सागर येथेही २०२३ मध्ये राणी अवंतीबाई लोधी यांच्या नावाने राज्य विद्यापीठ स्थापन झाले आहे. अर्ज भरताना दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये.

प्रवेश आणि आरक्षण

केंद्रीय विद्यापीठांतील प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा घेतली जाते. पदवी स्तरावरील ही परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते. गढवाल विद्यापीठाला सुरुवातीच्या काळात या परीक्षेतून सवलत मिळाली होती. तेव्हा त्या-त्या वर्षाची प्रवेश सूचना पाहणे आवश्यक आहे. परीक्षेत उत्तम गुण मिळाले म्हणजे प्रवेश निश्चित झाला, असे नाही. त्यानंतर विद्यापीठाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती मुदत चुकली तर वर्ष वाया जाण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी प्रवर्गाबाबत विशेष दक्षता घ्यावी. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी हे राज्याचे प्रवर्ग केंद्रीय संस्थांत स्वतंत्रपणे लागू होत नाहीत. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत असल्यास केंद्रीय नमुन्यातील जातीचे व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र वेळेत काढावे. त्या यादीत नसलेल्या पात्र कुटुंबांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र घेता येते.

प्रवास, हवामान आणि निवास

२०११ च्या जनगणनेनुसार सागर शहराची लोकसंख्या सुमारे पावणेतीन लाख, तर श्रीनगरची सुमारे २० हजार होती. सागर हे बीना–कटनी रेल्वेमार्गावर असून नागपूरहून शिवनी, नरसिंहपूरमार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ तेथे पोहोचतो. श्रीनगरला जाण्यासाठी ऋषिकेशपासून सुमारे १०५ किलोमीटरचा घाटरस्ता पार करावा लागतो. पावसाळ्यात दरडी कोसळून हा रस्ता बंद पडतो. जून २०१३ च्या महापुरात श्रीनगरच्या काही वस्त्या अलकनंदेच्या गाळाखाली गेल्या होत्या. ऋषिकेश–कर्णप्रयाग रेल्वेमार्गावर गाड्या धावू लागेपर्यंत रस्ता हाच आधार आहे.

श्रीनगर म्हटले की थंड हवेची कल्पना केली जाते. प्रत्यक्षात हे गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ५६० मीटर उंचीवर, खोऱ्यात वसले असून उन्हाळ्यात तेथे चांगलाच उकाडा होतो. पौडीचा परिसर मात्र बराच उंच व थंड आहे. सागरचा उन्हाळा कडक असतो. दोन्ही गावांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, ही पालकांना दिलासा देणारी बाब होय.

प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहात खोली मिळतेच असे नाही. शुल्क कमी असले तरी खोलीभाडे, खानावळ आणि वर्षातील दोन-तीन फेऱ्यांचा खर्च जमेस धरल्यास हिशेब बदलतो. विशेषतः मुलींच्या पालकांनी वसतिगृहाच्या जागा व वाटपाचे नियम आधी विचारावेत. दोन्हीकडील व्यवहाराची भाषा हिंदी आहे. देवनागरी लिपी परिचित असली तरी हिंदीतून उत्तरपत्रिका लिहिण्याचा सराव निराळा करावा लागतो.

निर्णय कसा घ्यावा

न्यायवैद्यक, भूविज्ञान वा औषधनिर्माण हे विषय हवे असतील आणि घराशी संपर्क सुलभ राहावा असे वाटत असेल, तर सागरला प्राधान्य देणे सयुक्तिक ठरेल. हिमालयाशी निगडित विषयाची खरी ओढ असेल आणि प्रवासाची गैरसोय सोसण्याची तयारी असेल, तर गढवालला पर्याय नाही. विषय अद्याप ठरलेला नसल्यास एवढ्या दूर जाण्यापूर्वी आपल्या विभागातील विद्यापीठाचाही विचार करावा. तीन वर्षे तेथे राहायचे आहे ते विद्यार्थ्याला. म्हणून अंतिम निर्णयात त्याचे मत सर्वप्रथम विचारात घेतले जावे.